खिशातलं लाल कार्ड

पहिल्याच भेटीत तिने त्याला मैदानाबाहेर काढलं होतं. रग्बीत समोरच्याला खांद्याच्या खाली धरून पाडायचं असतं. या दांडगोबाने थेट गळ्यातच हात घातला. रेफरी ती. शिट्टी फुंकली, पिवळं कार्ड दाखवलं, दहा मिनिटं बाहेर.

"दहा मिनिटं काय करू?" घाम पुसत त्याने विचारलं.

"वाकायला शिका."

पेशाने तो सुतार, आणि मैदानावरही सगळे त्याला सुतारच म्हणत. सामना संपल्यावर स्वारी चहाचे दोन कप घेऊन हजर. तिने आढेवेढे घेतले, पण चहा घेतला... मग दर रविवारी बाकावर गप्पा रंगू लागल्या. तिच्या डुगडुगणाऱ्या टेबलाचा पाय बसवायला तो घरी येऊ लागला. तिच्या वहिनीच्या नजरेतून हे सुटलं नाही. "टेबलाला पाय चार," ती म्हणाली, "मग हा पाचव्यांदा कशाला आलाय?"

खेळाडूशी नातं जुळलं, तर रेफरीने ते समितीला कळवायचं आणि त्या संघाचे सामने सोडायचे, असा नियम होता. तिने कळवलं नाही. अजून कुठे काय ठरलंय, असं ती स्वतःला समजावत राहिली. खरं म्हणजे ते रविवार तिला सोडवत नव्हते.

अशाच एका रविवारी त्याचा हात पुन्हा एकाच्या मानेवर आदळला. हे सरळसरळ लाल कार्ड होतं, उरलेला सामना बाहेर. तिचा हात खिशाकडे गेला — तेवढ्यात त्याने तिच्याकडे पाहिलं, जरासं ओशाळून हसला... आणि तिने नुसती ताकीद दिली. वीस मिनिटांनी त्याने तसाच हात समोरच्या संघातल्या एका पोस्टमनच्या गळ्यात घातला. पोस्टमन उठलाच नाही. मानेचं हाड मोडलं होतं. चालू शकेल, डॉक्टर म्हणाले, पण खेळणं संपलं, आणि डाव्या हाताचं आत्ताच काही सांगता येत नाही.

समितीपुढे सुताराने सगळा दोष आपल्या अंगावर घेतला. मग अध्यक्षांनी तिचा अहवाल कोरड्या आवाजात वाचून दाखवला.

"पहिल्या वेळीच लाल कार्ड द्यायला हवं होतं. दिलं नाही, कारण या खेळाडूवर माझं प्रेम आहे."

इतक्या रविवारांत तिच्या ओठांवर न आलेलं वाक्य त्याने तीन परक्या माणसांसमोर ऐकलं. तिला मान वर करवेना. त्याच्यावर दोन वर्षांची बंदी आली, आणि तिची शिट्टी कायमची गेली.

जिन्यात त्याने तिला गाठलं. "आधी मला सांगायचंस ना."

"तुला सांगितलं असतं, तर समितीलाही कळवावं लागलं असतं, आणि मैदानावर दुसरा रेफरी असता. त्याने तुला बाहेर काढलं असतं. पोस्टमन आज कामावर असता."

"माझंही तुझ्यावर —"

"आज नको. ऐकून मला आनंद होईल... आणि तोच आज मला सोसणार नाही."

दोघांनाही पोस्टमनला बघायला दवाखान्यात जायचं होतं. तिने त्याला आधी जाऊ दिलं, आणि तो वळणापलीकडे दिसेनासा झाल्यावर ती जिना उतरली.