अंगाला जड झालेलं नाव

कंचनावतीनं कोऱ्या कागदावर ‘मी रहायू’ एवढंच लिहिलं… आणि स्वयंपाकघरात मिरच्या वाटणाऱ्या तिच्या धाकट्या बहिणीच्या हातून वरवंटा निसटला!

“म्बाक, हाक मारलीस का गं?” रहायू दाराशी आली. थोरलीला ती म्बाक, म्हणजे ताईच म्हणे. भर दुपारच्या उकाड्यात ती थरथर कापत होती. “अंगणातून कुणीतरी बोलावतंय मला… लहान मुलीचा आवाज आहे.”

अंगणात कुणीच नव्हतं. कंचनावतीनं घाईघाईनं ती ओळ खोडली. हळूहळू धाकटीचं कापणं थांबलं आणि ती पुन्हा वाटणाकडे वळली.

सकाळी ते नाव लिहिलं तेव्हाही अगदी असंच झालं होतं! आयुष्याची गोष्ट लिहायला बसलेल्या या थोरल्या मावशीला रहायूची लेक सेकार म्हणाली होती, “बुधे, आयुष्याची गोष्ट जन्मापासून सुरू करू नकोस. जे कुणालाच सांगितलं नाहीस ना, तिथून सुरू कर.” बोलायला काय जातंय तिचं! कुणालाच न सांगितलेलं ते सारं एका नावात मावत होतं.

जावा बेटावरच्या जोगजा शहरातल्या त्या गल्लीत सगळ्यांनाच ठाऊक असतं, नाव अंगाला जड झालं की मूल आजारी पडतं. पाळण्यातली ‘कंचनावती’ तापानं करपत चालली होती. वडिलांनी दुसरी नावं ठेवून पाहिली, पण एकही लागू पडेना. तेव्हा चिमुरडी थोरली, खरी रहायू, आईला बिलगून म्हणाली होती, “माझं नाव तिला द्या ना… तिचं मी घेते.” नाव बदलताना करतात ती लाल-पांढरी खीर शिजली, शेजारीपाजारी वाटली गेली, नावांची अदलाबदल झाली आणि तान्हीचा ताप उतरला. थोरलीच्या वाट्याला मात्र सोन्याच्या त्या नावामागून मोडलेला संसार आला, न जगलेलं बाळ आलं आणि शेवटी बहिणीच्या घरातला एक कोपरा! धाकटीला यातलं काहीच माहीत नव्हतं. ती आपली हसत हसत टोमणा मारायची, “नाव सोन्याचं नि नशीब पितळेचं गं तुझं!” थोरलीही हसायची, आणि मग कितीतरी वेळ तिचं काळीज दुखत राहायचं.

नको ते सत्य! ‘मी कंचनावती’ असंच लिहावं, म्हणून तिनं पुन्हा लेखणी उचलली, तोच धाकटीचा हात कागदावर पडला.

“माझं नाव लिहून खोडलंस का?”

“ते… ते माझं होतं गं!” आणि इतकी वर्षं दाबून ठेवलेलं सगळं तिच्या तोंडून बाहेर पडलं.

धाकटीच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं. “आणि मी जन्मभर तुलाच चिडवत राहिले! तुझं सुख मी खाल्लं, म्बाक!”

“खाल्लं कसलं, वेडे? मी दिलं. तू जगलीस ना!”

“मग आता घे ते परत.”

“नको! तुला काही झालं तर…”

“नातवंडं झाली मला. अजून किती दिवस तुझ्या कडेवर बसू?” ती शेजारी बसली. थोरलीचा डावा हात तिनं घट्ट धरला. “लिही.”

अंगणातून ती हाक पुन्हा आली, या वेळी थोरलीलाही ऐकू आली. धाकटीनं मान वळवली नाही.

थोरलीनं लिहिलं, ‘मी रहायू.’ हातातला धाकटीचा हात पाळण्यातल्या त्या तापासारखा तापू लागला… चटका बसावा इतका! तिची लेखणी ती ओळ खोडायला मागे वळली.

“खबरदार खोडलंस तर!” धाकटी दात आवळून म्हणाली, “पेलतंय मला… तू पुढचं लिही.”