डावऱ्या हाताची गाठ

त्या काळी नागपुरातल्या विणकरांच्या वस्तीत सकाळ उजाडायची ती मागांच्या खटखटीनं. दारादारांत ओला ताणा पसरलेला, सुताला घातलेल्या खळीचा आंबूस वास, माठात वाळा टाकलेलं पाणी. जयाला ते दिवस आठवले की आधी तो वास येतो. मग आठवतो डबा.

बहात्तर सालचा मे महिना होता. तारा आठ महिन्यांची, कडेवर. सूत चोरल्याच्या संशयावरून जयाच्या नवऱ्याला, देवरावला, पोलिसांनी एका संध्याकाळी मागावरून उठवून नेलं होतं. रोज दुपारी बारा वाजता ती चौकीवर डबा घेऊन जायची. दोन भाकरी, झुणका, वर कांदा. डबा फडक्यात गुंडाळायचा आणि वरून सुताचा दोरा बांधायचा.

"आली का सुगरण?" कृष्णकांत हवालदार खुर्चीतूनच म्हणायचा. "काल मीठ कमी होतं वं."

म्हणजे झुणका आधी यानं चाखला होता.

"साहेब, त्याईले एकडाव भेटू द्या ना."

"नुसतं विचारून राहिलो त्याले. खाऊन नाही टाकत."

वस्तीतल्यांची प्रकरणं बघणाऱ्या वकीलसाहेबांनी तिला बजावून ठेवलं होतं, "चोवीस तासांवर त्यांना ठेवता येत नाही. मारलं असं वाटलं तर त्याच दिवशी माझ्याकडं ये. मॅजिस्ट्रेटपुढं उभं करू, डॉक्टर तपासतील. उशीर झाला की वळ जातात, मग कोण विचारतं?"

पण संध्याकाळी रिकामा डबा परत आला, की त्याच्या दोऱ्यावर गाठ असायची. तुटलेला धागा सांधताना विणकर मारतात तशी, बारीक आणि चपटी. मागावर जन्म काढलेल्या बोटांशिवाय कोणाला ती जमत नाही. जया गाठीवरून अंगठा फिरवायची. बोटं धड आहेत त्यांची, मारलं नाही... अर्ज टाकला तर उगाच चिडतील. उद्या सोडतीलच.

तिनं तीन दिवस तसेच जाऊ दिले. तिन्ही दोरे मात्र जपून ठेवले.

तिसऱ्या दिवशी दुपारी ती चौकीच्या भिंतीला टेकून बसली होती. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. कावळे चोच उघडून सावलीत बसलेले. तारा झोपलेली. आणि भिंतीच्या आतून आवाज आला... खट... खट... धोटा धावतो तसा, अगदी सावकाश. पाठोपाठ ओल्या खळीचा वास.

चौकीत माग कुठून येणार?

"काय वाजून राहिलं, साहेब?" तिनं दारातून विचारलं.

हवालदाराच्या हातातला चहाचा ग्लास तसाच थांबला. "पंखा आहे," तो म्हणाला.

वर छताला नुसता हूक होता.

चौथ्या दिवशी देवरावला सायकलरिक्षात घालून दारात आणून सोडलं. दोन्ही हात मनगटापासून सुजून काळे पडलेले. बोटं कोणीकडंही वळलेली.

"हे कधी झालं?" जयानं ते हात पदरात घेतले.

"पहिल्याच रात्री."

"मग गाठ... गाठ कोण मारत होतं?"

"आत एक जण होता. कोपऱ्यात बसलेला. त्यानंच मले घास भरवले. म्हणाला, मी बांधतो गा, नाही तर तुही बायको घाबरंल." देवरावनं डोळे मिटले. "आणि रोज विचारे, भीमा अजून मागावर बसते का?"

शेजारची भीमाबाई दारातच उभी होती. तिच्या नवऱ्याला, धोंडबाला, बारा वर्षांपूर्वी त्याच चौकीवर नेलं होतं. असा माणूस इथं आलाच नाही, असं तिला तेव्हापासून सांगत होते. रजिस्टरात नाव नव्हतं.

जयानं ते तीन दोरे काढून दिले. म्हातारीनं ते डोळ्यांजवळ धरले.

"सारी वस्ती उजव्या हातानं गाठ मारते वं, पोरी. पाह्य ना, ही उलट्या अंगानं बसली. माहा माणूस डावरा होता."

पुढं चौकशी झाली. देवराव पडला, असं लिहिलं गेलं. कोठडीत तो एकटाच होता, असंही लिहिलं गेलं. कृष्णकांत हवालदाराची बदली झाली, आणि देवरावचा माग विकला गेला.

नऊ वर्षं गेली. तारा चौथीत. देवराव मागेच वारला होता; भीमाबाईही नव्हती आता. एका दुपारी तारा शाळेतून आली आणि तिनं डबा ओट्यावर ठेवला. जयानं सकाळी फडक्याला साधी गाठ मारून दिला होता. आता वरून सुताचा दोरा होता, आणि दोऱ्यावर बारीक, चपटी, उलट्या अंगाची गाठ.

"हे कोणी बांधलं वं?"

"मले नाही माहीत, आई."

या खेपेला जयानं गाठीवरून अंगठा फिरवला नाही. दोरा मुठीत धरून ती धावत वकिलाकडं गेली, आणि त्यांना घेऊन तडक चौकीवर.

"आज कोणाला आणलं?" वकिलांनी विचारलं.

"कोणालाच नाही."

रजिस्टर कोरं होतं. आतून खोकल्याचा आवाज आला.

वकिलांनी तिथंच कागद काढला, वेळ लिहिली, मॅजिस्ट्रेटचं नाव घेतलं. तासाभरानं आतून एक रिक्षावाला बाहेर आला. जयानं त्याचे दोन्ही हात धरले आणि एकेक बोट चाचपून पाहिलं. दहाही धड होती.

त्या रात्री कित्येक वर्षांनी तिला शांत झोप लागली.

दुसऱ्या दिवशी ताराच्या डब्यावर दोन दोरे होते. एकावर धोंडबाची गाठ. दुसरी गाठही विणकराचीच होती, ताजी, खळीनं ओली. पण ती उजव्या हाताची होती, देवराव मारायचा तशी.