साक्षवाचन

अकोल्याच्या जठारपेठेत सकाळी मेलेली माणसंही बोलायची. शेजारच्या देवरे वहिनींच्या स्वयंपाकघरातून त्यांचे दिवंगत सासरे चहात साखर कमी पडल्याची तक्रार करत. समोरच्या घरात कुणाची तरी आजी, जाऊन कैक वर्षं झाली तरी, नातवंडांना आंघोळीला पिटाळत असे. यात कुणाला नवल वाटत नव्हतं. महासाठा आल्यापासून माणसाचं बोलणं, लिहिणं, फोटो, सगळं आपोआप तिथे जमा व्हायचं आणि घरातल्या भिंतीला सांगितलं की भिंत ते ऐकवायची. स्वतःचं यंत्र स्वतःच्या घरात ठेवायची पद्धतच अकोल्यातून उठली होती. लॅपटॉप हा शब्दसुद्धा म्हाताऱ्यांच्या तोंडी तेवढा उरला होता.

प्रफुल्ल तायडे यांच्या भिंती मात्र मुक्या होत्या. त्यांची बायको प्रणिता महासाठ्याला शेवटपर्यंत नाही म्हणत आली. "माझी बडबड माझ्या घरात राहील, लोकांच्या कोठारात नाही," असं तिने ठणकावून सांगितलं होतं. रोज दुपारी ती आतल्या खोलीचं दार लावून आपल्या जुन्या लॅपटॉपशी बोलत बसायची. काय बोलायची ते तायड्यांना कधी कळलं नाही. दाराबाहेर नुसती कुजबुज यायची. ती गेली, आणि पुढे काही महिन्यांनी लॅपटॉपही सुरू होईना. मग तायड्यांनी तो कापडात गुंडाळला, प्लास्टिकच्या पिशवीत घातला आणि माळ्यावर टिनाच्या छपराखाली जपून ठेवला. अकोल्यातला टिनाखालचा माळा! अहो, मे महिन्यात तिथे पापड भाजून निघतील. पण उंदीर लागू नये, पाणी लागू नये, एवढाच विचार त्या भल्या माणसाने केला.

मूलबाळ नव्हतं. वर्षं कशीबशी जात होती. मग एके दिवशी दाढी करता करता तायड्यांच्या लक्षात आलं, की प्रणिताचा आवाज आपल्याला आठवत नाही. तिचा चेहरा आठवत होता, बोललेलं आठवत होतं, पण आवाज गेला होता. ते घाबरलेच. अर्ध्या दाढीने माळ्यावर चढले आणि दुसऱ्या दिवशी पिशवी मांडीवर घेऊन नागपूरला स्मृतिशोध केंद्रात हजर झाले.

तिथल्या डॉ. अन्विता गावंडे तिशीच्या असतील. त्यांनी लॅपटॉप उघडून पाहिला, चिप काढून भिंगाखाली धरली.

"चालू होईल ना, मॅडम?"

"लॅपटॉप नाही होणार, काका. तो मेलाय. पण काकूंचा आवाज या चिपमध्ये असणार. असं समजा, इथे कोट्यवधी इवलेसे रांजण मांडलेत. भरलेला रांजण म्हणजे 'हो', रिकामा म्हणजे 'नाही'. अशा हो-नाहींच्या रांगांनी आवाज लिहिलेला असतो. फक्त रांजणात पाण्याऐवजी इलेक्ट्रॉन असतात. यंत्र बरीच वर्षं बंद राहिलं की ते झिरपून जातात. थंडीत सावकाश, उन्हात भराभर. कुठे ठेवला होता?"

"माळ्यावर. टिनाखाली."

डॉक्टरांनी भिंग खाली ठेवलं.

"काहून? चुकलं का माझं?"

"झालं ते झालं, काका. आता पुढचं बघू."

पुढचं म्हणजे साक्षवाचन. हे जरा समजून घ्यायला हवं. रांजणात तळाशी जेमतेम ओल उरली असेल तर तो मुळात भरलेला होता की रिकामा, हे नुसतं बघून सांगता येत नाही. अशा रांजणाला 'तू कोण' असं विचारून उत्तर मिळत नाही. 'तू अमुक आहेस का' एवढंच विचारता येतं, आणि तेही एकदाच, कारण विचारण्याच्या धक्क्यानेच उरलेली ओल उडून जाते. मग 'अमुक' काय असावं, हे आधी ठाऊक असायला हवं. त्यासाठी लागतो साक्षीदार. गेलेल्या माणसाला जवळून ओळखणारा कुणीतरी त्याचा स्वभाव, बोलायची ढब, सवयी सांगतो. यंत्र त्या साक्षीवरून अंदाज बांधतं आणि एकेका रांजणाला विचारत जातं. जिथे उत्तर येत नाही तिथे साक्ष खरी धरून भरून टाकतं.

"साक्ष नको असेल तर कोरडं वाचन करता येतं," डॉक्टर म्हणाल्या. "त्यात चार-दोन तुटके शब्द हाती लागतील. बाकी सगळी खरखर. पण जे मिळेल ते शंभर टक्के काकूंचं असेल. दोन्ही मात्र करता येणार नाहीत. नीट विचार करून सांगा."

"चार शब्द घेऊन काय करू हो मी?" तायडे म्हणाले. "घरी दिवसभर कोणी बोलत नाही माझ्याशी. मला ती सगळी पाहिजे."

शेजारच्या खोलीत साक्ष सुरू झाली.

"काकूंचा स्वभाव कसा होता?"

तायडे सावरून बसले. दर पुण्यतिथीला चार नातेवाईक जमत तेव्हा ते जे बोलत, तेच आपसूक तोंडात आलं. "फार सोशिक हो. हसतमुख. घरात कधी तिचा आवाज चढला नाही. आल्यागेल्याचं हसून करायची. माझ्या तर शब्दाबाहेर नव्हती."

"कधीच रागवायच्या नाहीत?"

"छे छे!"

"भांडण? नवरा-बायकोत होतंच की, काका. मोकळेपणाने सांगा. ही साक्ष जशी असेल, तशाच काकू येतील."

"आमच्यात नाही झालं कधी," तायडे म्हणाले, आणि त्यांचे डोळे भरून आले.

आता आपल्यात म्हणून सांगतो, प्रणिता तायडे ही बाई चांगली तिखट होती. गल्लीत तिच्या तोंडाला लागायची कुणाची टाप नव्हती. पण गेलेल्या बायकोची उणीदुणी एका परक्या पोरीसमोर काढायची? कुठला नवरा काढेल? तायडे खोटं बोलत होते असंही नाही. त्या दुपारी त्यांना ती तशीच आठवत होती.

महिन्याभराने केंद्राकडून आवाज आला आणि भिंतीला जोडला गेला. तायड्यांच्या घरच्या भिंतीतून प्रणिता बोलू लागली.

"आज यांनी वांगी आणली. निम्मी किडकी निघाली. असू दे, उन्हातून आले होते बिचारे."

आवाज तिचा होता! तोच, सदा सर्दी झाल्यासारखा, शेवटचा शब्द जरा ओढून बोलणारा. तायडे ओट्याला धरून ढसाढसा रडले. त्या आठवड्यात त्यांनी भिंतीला उसंत दिली नाही. जेवताना ती, झोपताना ती. देवरे वहिनींना मुद्दाम बोलावून ऐकवलं. वहिनींनी ऐकलं, पदराने तोंड पुसलं आणि जाताना सहज म्हणाल्या, "किती गोड बोलतात हो. मला वाटलं नव्हतं."

ते मात्र तायड्यांच्या मनाला लागलं. मग ते कान देऊन ऐकू लागले. सोशिक. हसतमुख. शब्दाबाहेर नसलेली. त्यांनी तिच्या बहिणीच्या लग्नाला जायचं टाळलं होतं, त्याबद्दल भिंतीतली प्रणिता म्हणत होती, की त्यांनाही कामं असतात. खरी प्रणिता त्यावरून पुढे चार दिवस त्यांच्याशी बोलली नव्हती, आणि बोलली तेव्हा शेजाऱ्यांनीही ऐकलं होतं. तायडे ताटावरून उठले. त्यांनी भिंत बंद केली आणि पुन्हा नागपूर गाठलं.

"ही माझी बायको नाही," ते म्हणाले.

"आवाज काकूंचा नाही?"

"आवाज तिचाच. बाई भलतीच कोणी आहे."

"तुम्हीच तर सांगितलं, काका. सोशिक होत्या म्हणून."

"तसं म्हणायचं असतं हो! गेलेल्या माणसाबद्दल कोणी दुसरं काय बोलतं?" तायड्यांचा आवाज चिरकला. "परत वाचा. आता खरं सांगतो, सगळं सांगतो."

डॉ. गावंडे त्यांच्याजवळ खुर्ची ओढून बसल्या. "ती ओल उडून गेली, काका. आता त्या रांजणांत तुमची साक्ष भरलेली आहे."

"मग तिचं खरं किती आहे यात? तेवढं तरी काढून द्या."

"यंत्रालाही ते माहीत नसतं. किडकी वांगी कदाचित काकूंची असतील, 'बिचारे' तुमचं असेल. कदाचित उलट. कुणालाच सांगता येणार नाही."

तायडे उठले नाहीत. "तरी ऐका," ते म्हणाले. "यंत्राला सांगू नका. तुम्हीच ऐका. कोणाला तरी माहीत असलं पाहिजे."

आणि त्यांनी सांगितलं. प्रणिता पाहुण्यांसमोर त्यांच्या घोरण्याची नक्कल करायची. एकदा वरणाची पळी तिने अशी फेकली, की भिंतीवरचा डाग दिवाळीतल्या रंगापर्यंत तसाच राहिला. त्यांच्या साहेबाला तिने भर लग्नात कंजूष म्हटलं होतं. मात्र ते आजारी पडले, की दवाखान्यातल्या नर्सपासून डॉक्टरपर्यंत सगळ्यांशी ती भांडायची. डॉ. गावंडे हसू लागल्या. तायडेही हसले.

"मला आवडल्या असत्या काकू," डॉक्टर म्हणाल्या.

"आवडली असती, बाप्पा! आणि मी पत्ते खेळून उशिरा आलो ना, की दारातच उभी राहायची कमरेवर हात देऊन. म्हणायची..."

तायडे थांबले. वाक्य जसंच्या तसं त्यांना पाठ होतं. घर आठवलं कसं तुमाले, दार चुकले काय? पण मनात ते उमटलं, ते हळुवार, दमल्याभागल्याची काळजी करणाऱ्या आवाजात. त्यांनी डोळे मिटून पुन्हा ऐकायचा प्रयत्न केला. प्रणिता कमरेवर हात देऊन दारात उभी होती, कपाळाला आठ्या होत्या, आणि तोंडातून भिंतीतल्या बाईचा गोड आवाज येत होता.

"काय म्हणायच्या, काका?" डॉक्टरांनी विचारलं.

"घर आठवलं कसं तुमाले," तायडे जोरात म्हणाले. मग आणखी जोरात म्हणाले. डॉक्टर दचकल्या आणि पाण्याचा पेला घेऊन जवळ आल्या. तायडे कुणाकडेही न बघता आपल्याच घोगऱ्या आवाजात, तिच्यासारखं, स्वतःवर खेकसत राहिले.