दाबून फिरवायचं झाकण

"कुणी ओतलं हे लंगोटांच्या पाण्यात? बोला ना, कुणी?"

कपडे मऊ आणि सुवासिक करणाऱ्या द्रावणाची बाटली सुनेच्या हातात होती, आणि पलंगावर ते एवढंसं लेकरू लालभडक मांड्या झाडत, आवाज बसेपर्यंत रडत होतं. कातडी फार नाजूक आहे, वासाचं काही वापरू नका, साबण पुरता निघेस्तोवर लंगोट साध्या पाण्यात खळबळा, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. सारं तसंच तर चाललं होतं! मग हा जाळ कुठून आला?

आजीनं आपल्या मुलाकडे, बाळाच्या बापाकडे पाहिलं. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता. तिला लागलीच उमगलं... लंगोट वाळल्यावर खरखरीत लागतात, असं बायको परवा बोलून गेली होती, आणि एरवी पाण्याचा पेलाही स्वतः न भरणाऱ्या या शहाण्याला नेमकी तेव्हाच माया दाटून आली होती! कळा सुरू झाल्या त्या दिवशीही यानं कामाच्या नादात फोन उचलला नव्हता. "पुन्हा हलगर्जीपणा झाला ना, तर बाळाला घेऊन कायमची आईकडे जाईन," असं सुनेनं तेव्हाच सुनावलं होतं. आणि ती नुसतं बोलणाऱ्यांतली नव्हती.

"मी ओतलं गं," आजी म्हणाली.

"आई, तुम्ही?" सुनेचे डोळे भरून आले. "तुमच्यावर डोळे मिटून विश्वास टाकला होता मी! यापुढे त्याच्या कपड्यांना हात लावायचा नाही... आणि त्यालाही नाही!"

मुलानं तोंड उघडलं. आजीनं डोळे वटारले. आणि त्यानं ते मुकाट मिटलं, भित्रा कुठला!

त्यानंतर आजी दाराशी उभी राहून नुसती बघायची. ते द्रावण धाग्याधाग्यांत मुरलेलं, एका धुण्यात कुठलं निघतंय! सून गरम पाण्यात पुन्हापुन्हा लंगोट धूत होती, पुरळ कमी व्हायचं नाव घेत नव्हतं. बाळ रडलं की आजीचे हात आपोआप पुढे यायचे, अन् मग आठवण होऊन पाठीमागे जायचे. जीव नुसता तीळतीळ तुटायचा, पण करणार काय? शेवटी तिनं बॅग भरली. "चार दिवस लेकीकडे राहून येते," ती म्हणाली. हे चार दिवस नव्हेत, हे तिघांनाही ठाऊक होतं, पण "राहा" असं कुणीच म्हटलं नाही.

मुलगा बॅग उचलून दारात उभा होता. बाळ आईच्या खांद्यावर आक्रोश करत होतं. औषध द्यायची वेळ झाली होती, आणि सुनेचा एकच हात मोकळा होता.

"आई, तेवढी बाटली उघडून द्या ना. झाकण दाबून फिरवायचंय."

आजीनं दाबलं. बोटं घसरली. पुन्हा दाबलं... संधिवातानं वाकडी झालेली ती बोटं पांढरी पडली, झाकण तसूभरही हललं नाही.

"नाही गं जमत. असलं झाकण माझ्याच्यानं कधीच उघडलं नाही."

सून जागच्या जागी थिजली. त्या सुवासिक बाटलीचं झाकणही असंच होतं, दाबून फिरवायचं. तिनं सावकाश मान वळवून नवऱ्याकडे पाहिलं.

"मीच ओतलं," तो कसाबसा म्हणाला. "आईनं मला पाठीशी घातलं... आणि मी घालू दिलं."

सुनेला हुंदका आवरेना. "का आई? तुमचा नातू हिरावून घेतला मी तुमच्यापासून! मला एका शब्दानं सांगितलं नाहीत?"

"तू निघून गेली असतीस ना पोरी, तर हा एकटा झुरून मेला असता, अन् लेकरू बापाला पारखं झालं असतं. मी काय... मी दुरूनही बघितलं असतं."

सुनेनं बाळ आजीच्या कुशीत दिलं, बाटली उघडून त्याला औषध पाजलं आणि ती नवऱ्याकडे वळली. "बॅग आत ठेव. आणि बादली भर. तुझ्याशी मला बोलायचं आहेच, पण आधी लंगोट खळबळ. आई पुरे म्हणेपर्यंत!"

त्यानं बाह्या सरसावल्या.

"अजून बुळबुळीत लागतंय का रे? मग पाणी बदल," दारातून आजी सांगत होती. पुरळ तसंच होतं, बाळ अजून मुसमुसतच होतं, आणि त्याचा तो दाह घेता येत नव्हता म्हणून तिचे डोळे वाहत होते. पण तिच्या वाकड्या बोटाभोवती बाळाची मूठ घट्ट मिटली होती. ती सोडवणंही तिला जमलं नसतं... आणि सोडवायची होती कुणाला!