रिकाम्या खोलीचं एक मिनिट

यावर तुमच्यापैकी एकाचाही विश्वास बसणार नाही. पैज लावा.

पण घडलं ते अक्षरन् अक्षर खरं. वार शनिवार, दुपारचे तीन. जागा, रेडिओचा तळघरातला स्टुडिओ.

मी मोठ्यानं बोलत लिहितो. शेजारी बायको मटार सोलतेय. तिलाच विचारा, मी कधी थापा मारतो का.

“मारत नाहीत,” ती म्हणाली. “आपोआप निघतात.”

असो.

मी श्रुतिकांना पावलांचे, दारांचे, मारामारीचे आवाज पुरवायचो. टेप सांभाळणाऱ्या माझ्या जोडीदाराला सगळे कानसेन म्हणत. पाइपातल्या पाण्याच्या आवाजावरून तो सांगे, वर कोण हात धुतंय.

त्या दिवशी खुनाचा प्रसंग होता. कवटी फुटायला हवी होती. मी ओल्या टॉवेलात कलिंगड गुंडाळलं. हातोडी घेतली.

पण त्याआधी आमची एक रीत. रिकाम्या खोलीची मिनिटभर शांतता टेप करायची. संवादांच्या मधे जोडायला लागते ती. दार लावून आम्ही बाहेर थांबलो.

मग टेप ऐकली.

पंख्याची घरघर...

पाइपातली खळखळ...

आणि... धप्प.

ओला, जड घाव. मग हाड मोडल्याचा काडकन आवाज. मी मोजले. नऊ घाव. मधेच कुणीतरी गुळणी भरल्या तोंडानं किंचाळत होतं.

तो आवाज कानसेनचा होता.

“पुसून टाक!” मी ओरडलो.

“वेड लागलंय? कलिंगडातून असा आवाज सात जन्मांत निघणार नाही. हाच लावू.”

“अरे, जीव जाईल तुझा!”

“जाऊ दे की. आलंय कसं झकास!”

मी रीळ हिसकायला गेलो. त्यानं ते छातीशी धरलं. हातोडी माझ्या हातातच होती...

मी ती उचलली नाही. शपथ. ती वर गेली.

पहिला घाव खांद्यावर. दुसऱ्यात जबडा सरकला. मी माझाच हात दुसऱ्या हातानं आवळून धरला, तरी तो खाली येतच राहिला. दात फरशीवर टपटपले. मायक्रोफोनवर रक्ताची चिळकांडी उडाली. आणि प्रत्येक घाव टेपमध्ये होता तसाच वाजला. सूतभर फरक नाही.

आठ झाले.

फुटक्या तोंडानं त्यानं मला हाक मारली...

“भावजी...”

होय. तीस वर्षं हे पोटात ठेवलं. कानसेन म्हणजे हिचाच सख्खा, पाठचा भाऊ. आणि नववा घाव...

मटार सोलणं थांबलं.

“अहो,” ती म्हणाली, “मला भाऊ आहे कुठे?”