एक ड्रॉइंग कमी

डिचोलीच्या त्या कारखान्यातली ड्रॉइंगांची खोली आता उरलेली नाही. पण तिच्याच दारात देवेश पहिल्यांदा आपल्यावर आदळला, हे गौरवी कशी विसरेल?

श्रावणातली सर नुकतीच येऊन गेली होती. शर्टाच्या आत कागदांची गुंडाळी कवटाळून तो आत धावला... आणि ती नेमकी बाहेर पडत होती.

"स्वतः चिंब, आणि कागद कोरडे?" तिने विचारलं.

"मी वाळेन हो मॅडम. हे भिजले तर गेले!"

तो हसला. पापण्यांवर पाणी होतं. गौरवीने नजर वळवली — जरा उशिराच.

मूळची मांद्र्याची गौरवी एका खास कामासाठी पुण्याहून आली होती. कारखाना रॉकेटच्या इंधनाचे व्हॉल्व्ह बनवायचा, तेही चाळीस वर्षं कागदी ड्रॉइंगांवरून. आता ग्राहकाला प्रत्येक भाग कॉम्प्युटरवरच्या मॉडेलमध्ये हवा होता. दोनशे चौदा ड्रॉइंगं, सहा महिने! त्यात कागदांच्या कडांना पेन्सिलीने खरडलेल्या सूचना. त्या वाचता यायच्या एकट्या देवेशला. आमोण्याचा हा मुलगा नऊ वर्षं तिथे मापं तपासत होता.

"हे काय लिहिलंय?"

"‘हळू.’ इथे घाई केली की कड फुटते."

"आता हे कॉम्प्युटरला कसं सांगू?"

"मला सांगता तसंच... गोड बोलून."

दुपारी भाजी आणि गोल उंडे पाव खातानाही हेच चाले. त्याचं बोट रेषेवरून फिरायचं, आणि तिचं लक्ष रेषेवर नसायचं.

जानेवारी संपत आला तेव्हा दोनशे तेरा झाली होती. एक मात्र सापडेना. सोमवारी ग्राहकाची माणसं येणार. गौरवीने कपाटं उपसली, मॅनेजर कृष्णनाथबाबांची बोलणी खाल्ली. शनिवारी दुपारी देवेश आला आणि त्याने तिच्यासमोर कागद उलगडला.

"कुठे होतं हे?"

"माझ्या खणात... तीन आठवडे."

"देवेश!"

"हे दिलं की तुमचं काम संपणार. तुम्ही पुण्याला जाणार. मग मी..."

गौरवी संतापली, अगदी मनापासून. "माझी नोकरी गेली असती!"

"ठाऊक आहे. चूक माझी, असं कृष्णनाथबाबांना आत्ताच सांगून आलो. लेखी ताकीद मिळाली."

रविवारी दिवसभर बसून दोघांनी ते मॉडेल पुरं केलं. ती कामापुरतंच बोलत होती. शेवटचं माप जुळलं तेव्हा मात्र तिला राहवेना.

"मी जाणार, असं सांगितलं कुणी?"

"काम संपलं ना..."

"वेड्या, मॉडेल कधी संपतं का? उद्यापासून तू घेतलेलं प्रत्येक माप त्यात यायचं. रोज. माझ्याकडे! डिसेंबरातच कायम झालेय मी इथे. विचारायचंस तरी..."

‘तुम्ही’चं ‘तू’ कधी झालं, तिला कळलंच नाही. त्याला कळलं. त्याचे कान लाल झाले.

"मग... मांद्र्याला येऊ एकदा? तुझ्या घरी?"

"कशाला? मापं तपासायला?"

"ना गे..." तो खाली बघत म्हणाला, "तुला मागणी घालायला."

गौरवीने कॉम्प्युटर बंद केला, पिशवी खांद्याला लावली, दारापर्यंत गेली. मग मागे वळली.

"पुढच्या रविवारी ये. माझे बाबा घरी असतात."