स्थायूंना वेळ लागतो

प्रेम सात कुलपांआड ठेवलं तरी दरवळतंच, असं ललित पाटील छातीठोकपणे मानत असे. त्याच्या बाबतीत मात्र आधी दरवळे ते ॲसिटिक ॲसिड. बमरोलीच्या एका डाइंग मिलमध्ये तो कापडाचे रंग जुळवायचा आणि सुटला की लोणच्याची बरणी उघडल्यासारखा घरी निघायचा.

डिंडोलीच्या शेअर रिक्षात शेजारच्या मुलीनं ओढणी नाकाला लावली.

"कुणाचं लोणचं सांडलंय का हो?"

"लोणचं नाही... मीच आहे."

ती खुदकन हसली. तेवढ्यात "बेन, जरा खसो ने!" म्हणत गुजराती रिक्षावाल्यानं आणखी एक प्रवासी कोंबला. ती सरकली — ललितच्या बाजूला.

"मी हर्षदा. शाळेत विज्ञान शिकवते. वायूचे कण मोकळे हुंदडतात, म्हणून वास क्षणात पसरतो, हे पोरांना पटत नाही. उद्या तुम्हालाच वर्गात उभं करते."

"मला शाळेत कायम वर्गाबाहेर उभं करायचे, मॅडम."

पुढच्या आठवड्यात ती प्रयोगासाठी रंग मागायला मिलच्या लॅबमध्ये आली. ललितनं ग्लासभर पाण्यात लाल थेंब सोडला. लाल धागे डुलत डुलत उतरू लागले... दोघं बघत राहिले, दोघांच्या कपाळांत वीतभर अंतर.

"द्रवातले कण खेटून असतात," ती हळूच म्हणाली. "धक्के खात वाट काढतात."

"आपल्या रिक्षासारखे."

"आणि स्थायूत?"

त्यानं पांढऱ्या पॉलिस्टरचा तुकडा रंगात बुडवून धुतला. पांढराच! "थंड पाण्यात किती भिजवा, ढिम्म. बंद डब्यात एकशेतीस डिग्रीला तापवलं की रंग धाग्यात शिरतो. मग जन्मभर सोडत नाही. पण आच हळूहळू चढवायची. घाई केली की डाग पडतात."

"जन्मभर?" हर्षदानं विचारलं. ती कापडाकडे बघत नव्हती.

ललितचं इथंच चुकलं. कापडाचा नियम त्यानं काळजाला लावला आणि आच चढवत बसला. रोज रिक्षा, कधी चहा, मध्येच एखादा चोरटा कटाक्ष... बस्स. बातमी मात्र वायुरूप. साऱ्या डिंडोलीत पसरली. फक्त हर्षदाला कुणी सांगितलं नाही, कारण ते काम ललितचं होतं.

"रविवारी अमळनेरचा मुलगा मला बघायला येतोय," ती एकदा रिक्षात म्हणाली. "बँकेत आहे."

"अरे वा!" ललित म्हणाला.

हे 'अरे वा' त्याला शनिवारपर्यंत छळत राहिलं. संध्याकाळी तो तडक तिच्या घरात घुसला. हर्षदा मेथी निवडत होती, आई वर्षाबाई ओट्यापाशी पाठमोऱ्या.

"मॅडम... म्हणजे हर्षदा... मला तुम्ही... म्हणजे उद्या त्याला नका ना बघू! मला बघा!"

मेथीची काडी तिच्या हातातच राहिली.

"फार वेळ लावलात."

"डाग पडतील म्हणून..."

"पडू द्या," ती म्हणाली. गाल त्या ग्लासातल्या पाण्यासारखे लाल होत गेले. "मला चालतील."

ललितनं भान हरपून एक पाऊल पुढं टाकलं.

"अमळनेरवालासले फोन मी करसू," वर्षाबाई मागं न वळता अहिराणीत म्हणाल्या. "तू पहिले चपला बाहेर काढ, भाऊ. फरशी आतेच पुशेल शे."